डॉक्टरांनी ‘अंधत्व’ लिहिले, पण श्रेणी लिहिली नाही: एच ५४ चा कोड कसा ठरवावा?

बीफार्म_खराडी (प्रश्न)

नमस्कार. औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतल्यानंतर दीड वर्षापूर्वी मी मेडिकल कोडिंगमध्ये (डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना ठरावीक सांकेतिक क्रमांक, म्हणजे कोड, देण्याच्या कामात) आले आणि सध्या खराडीतील एका कंपनीत अमेरिकेतील नेत्रचिकित्सालयांचे बाह्यरुग्ण चार्ट पाहते. गेल्या आठवड्यात ऑडिटमध्ये माझी एक चूक निघाली. ती मान्य करण्यास माझी हरकत नाही, पण ती चूक का ठरते हे मला नीट कळलेले नाही, म्हणून येथे सविस्तर विचारते आहे. रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील, वय किंवा तारीख मी मुद्दामच देत नाही.

रुग्णाला टाइप २ मधुमेह असून दोन्ही डोळ्यांत प्रोलिफरेटिव्ह डायबेटिक रेटिनोपॅथी (मधुमेहामुळे दृष्टिपटलावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढण्याचा विकार) आहे. उजव्या डोळ्याचे दृष्टिपटल ओढले जाऊन मॅक्युलासकट (म्हणजे बारीक पाहण्यासाठीच्या मधल्या भागासकट) सुटले आहे, तर डाव्या डोळ्यात मॅक्युलाला सूज आहे. तपासणीच्या आरंभी टेक्निशियनने दृष्टीची नोंद केली आहे ती अशी: उजव्या डोळ्याने तीन फुटांवरून बोटे मोजता येतात, डाव्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह २०/१०० आहे (निरोगी डोळ्याला १०० फुटांवरून दिसते ते या डोळ्याला २० फुटांवरून दिसते). शेवटी डॉक्टरांनी निदानाच्या भागात ‘मधुमेही रेटिनोपॅथीमुळे उजव्या डोळ्याचे अंधत्व व डाव्या डोळ्याची अल्पदृष्टी’ एवढेच लिहिले आहे. दृष्टिदोष किती आहे ते सांगणाऱ्या श्रेणीचा उल्लेख चार्टमध्ये कोठेही नाही.

मी कोडबुकातील एच ५४ या अंधत्व व अल्पदृष्टीच्या गटाखालचा तक्ता उघडला. २०/७० पेक्षा वाईट पण २०/२०० पर्यंतची दृष्टी म्हणजे श्रेणी १, आणि ३/६० (हा मीटरमधला आकडा) पेक्षा वाईट पण एक मीटरवरून बोटे मोजण्याइतकी दृष्टी म्हणजे श्रेणी ३, असे पाहून मी एच ५४.११३१ हा कोड दिला. ऑडिटरने तो काढून एच ५४.३ लावला आणि शेऱ्यात ‘श्रेणी नोंदलेली नाही’ असे तीनच शब्द लिहिले.

माझ्या मनात तीन गोष्टी राहून गेल्या आहेत. तक्ता पुस्तकातच छापलेला असेल आणि आकडे चार्टमध्ये असतील, तर ते जुळवून पाहण्यात गैर काय? दुसरे असे की एच ५४.३ म्हणजे दोन्ही डोळ्यांचा प्रतवारी न केलेला दृष्टिऱ्हास. ज्या माणसाचा एक डोळा जवळजवळ गेलेला आहे त्याच्या नोंदीवर असा मोघम कोड टाकताना मला त्या रुग्णावर अन्याय केल्यासारखे वाटले. आणि तिसरे म्हणजे, अशा वेळी डॉक्टरांना क्वेरी (नोंद स्पष्ट करण्यासाठीची लेखी विचारणा) पाठवायची असेल तर ती कोणत्या शब्दांत पाठवावी? आमच्याकडे ताशी चार्टचे टार्गेट असल्यामुळे क्वेरी लिहिणे म्हणजे वेळ घालवणे असा समज आहे, आणि मला तो योग्य वाटत नाही.

तपासणीस_बाणेर

ताई, प्रश्न अतिशय नेमकेपणाने मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी अकरा वर्षे या क्षेत्रात आहे व त्यातील सहा वर्षे ऑडिट करतो. तुमच्या ऑडिटरने लावलेला कोड बरोबर आहे, परंतु त्यांनी तीन शब्दांत शेरा संपवायला नको होता. चूक दाखवताना तिचे कारण सांगणे हे ऑडिटरचे अर्धे काम आहे.

प्रथम नियम पाहू. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या वर्गीकरणाच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत, डोळ्यांच्या प्रकरणात, अंधत्वाविषयी स्वतंत्र परिच्छेद आहे. दोन्ही डोळ्यांचे अंधत्व किंवा अल्पदृष्टी नोंदलेली आहे पण दृष्टिदोषाची श्रेणी नोंदलेली नाही, अशा वेळी एच ५४.३ द्यावा, एकाच डोळ्याविषयी तशी नोंद असेल तर एच ५४.६ गटातील कोड द्यावा. आणि एक डोळा की दोन्ही हेसुद्धा कळत नसेल तर एच ५४.७ द्यावा, असे तेथे सांगितले आहे. तुमच्या चार्टमध्ये दोन्ही डोळे बाधित आहेत, कोणत्या डोळ्यात काय आहे हेही लिहिले आहे, मात्र श्रेणी नाही. म्हणून एच ५४.३.

हा परिच्छेद का लागला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १ ऑक्टोबर २०१७ पासून एच ५४ चे कोड लांबवण्यात आले आणि प्रत्येक डोळ्याची श्रेणी थेट कोडमध्ये आली. त्याआधी ‘उजवा अंध, डावा अल्पदृष्टी’ एवढ्यावर कोड पूर्ण होत असे. आता एच ५४.११ हा स्वतः देता येण्याजोगा कोडच नाही. पुढे दोन आकडे हवेतच. नव्याने शिकणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुष्कळ गोंधळ टळेल: या कोडमध्ये उजव्या डोळ्याची श्रेणी नेहमी आधी आणि डाव्याची नंतर येते. एच ५४.११३१ म्हणजे उजवा श्रेणी ३, डावा श्रेणी १, एच ५४.१२१३ म्हणजे उजवा श्रेणी १, डावा श्रेणी ३. एक डोळा निर्दोष असेल तर त्याच्या जागी ए हे अक्षर येते, जसे एच ५४.४१३ए किंवा एच ५४.४२ए३. दुखापतीचे कोड करून आलेले कोडर शेवटचा ए पाहून ‘पहिली भेट’ असे समजतात, आणि पुढच्या भेटीला तेथे डी लावतात. असे चार्ट मी स्वतः परत पाठवले आहेत. येथे ए चा भेटीशी काहीही संबंध नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, की तक्ता असताना तो लावायचा का नाही. माझ्या मते तक्ता हा श्रेणीची व्याख्या सांगण्यासाठी आहे. मोजमापावरून निदान बनवण्याची परवानगी तो कोडरला देत नाही. टेक्निशियनने लिहिलेला आकडा हा निरीक्षणाचा भाग आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांखेरीज इतरांच्या नोंदीवरून कोणत्या बाबी घेता येतात, याची एक मर्यादित यादी त्याच सूचनांत आहे. बॉडी मास इंडेक्स, दाबजखमेची अवस्था, कोमा स्केल अशा गोष्टी तीत आहेत, दृष्टीचा आकडा मात्र नाही. शिवाय तक्ता सर्वोत्तम शक्य चष्म्यासह असलेली दृष्टी गृहीत धरतो. तुमच्या चार्टमध्ये नुसते ‘चष्म्यासह’ लिहिले आहे. तो चष्मा चार वर्षांपूर्वीचा आहे की आजच नंबर काढून लावून पाहिला आहे, हे तुम्हाला किंवा मला कसे कळणार?

काही ठिकाणी क्लायंटच्या लेखी धोरणानुसार डॉक्टरांनी अंधत्वाचे निदान लिहिले असेल व त्यांच्याच तपासणीत सर्वोत्तम दृष्टीचा आकडा असेल, तर तक्त्यावरून श्रेणी घेऊ देतात. असे धोरण लेखी असेल तर ते पाळावे, परंतु तोंडी ऐकिवावर विसंबू नये.

दुसरा मुद्दा अन्यायाचा. तुमची कळकळ मला समजते आणि ती जपा असेच मी म्हणेन, पण एच ५४ हा या चार्टचा पहिला कोड नाही हेही ध्यानात घ्या. त्या गटाच्या शीर्षाखालीच, दृष्टी जाण्याचे मूळ कारण आधी लिहावे अशी सूचना आहे. या रुग्णाचे कारण दोन डोळ्यांत निरनिराळे आहे, म्हणून दोन कोड लागतील: उजव्यासाठी ई ११.३५२१, म्हणजे मॅक्युलासकट सुटलेले दृष्टिपटल. डाव्यासाठी ई ११.३५१२, म्हणजे मॅक्युलाच्या सुजेसह प्रोलिफरेटिव्ह रेटिनोपॅथी. इन्सुलिन चालू असेल तर झेड ७९.४ जोडावा. आजाराची गंभीरता या कोडमधून पुरेशी स्पष्ट होते. दृष्टी किती उरली एवढेच त्यांतून कळत नाही, आणि त्यासाठीच क्वेरी लिहायची असते.

क्वेरी लिहिताना उत्तर सुचवू नये आणि कोणत्या कोडमुळे किती पैसे मिळतील याचा उल्लेखही करू नये. अहायमा व ॲकडिस या दोन व्यावसायिक संघटनांनी २०२२ मध्ये सुधारून दिलेल्या क्वेरीविषयक मार्गदर्शनाचा गाभा हाच आहे. मी साधारण असे लिहितो: ‘आपल्या आजच्या नोंदीत उजव्या डोळ्याचे अंधत्व व डाव्या डोळ्याची अल्पदृष्टी असे निदान आहे. तपासणीत उजव्या डोळ्याने तीन फुटांवरून बोटे मोजणे व डाव्या डोळ्याची चष्म्यासह २०/१०० अशी दृष्टी नोंदलेली आहे. आपल्या वैद्यकीय निर्णयानुसार प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिदोषाची श्रेणी कृपया नोंदवावी.’ खाली उजव्या डोळ्यासाठी श्रेणी ३, ४, ५ व डाव्यासाठी श्रेणी १, २ हे पर्याय देऊन दोन्हींपुढे ‘अन्य’ आणि ‘ठरवता येत नाही’ हेही ठेवावेत. शेवटचे दोन पर्याय गाळले तर डॉक्टरांना आपण कोपऱ्यात ढकलल्यासारखे होते.

उत्तर आले की डॉक्टरांनी ते पुरवणी नोंद म्हणून, त्या दिवशीची तारीख घालून लिहावे लागते. जुन्या नोंदीत गुपचूप शब्द घुसवलेला असेल तर तो कोड मी मान्य करत नाही.

हडपसर_नवशिका

मी अजून प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करतो आहे, त्यामुळे चुकत असेन तर क्षमा असावी. एच ५४.१० हा ‘एक डोळा अंध, दुसरा अल्पदृष्टी’ असा कोड पुस्तकात आहे. तो एच ५४.३ पेक्षा जवळचा नाही का? आणि डॉक्टरांनी ‘लीगली ब्लाइंड’ (कायद्याने अंध) असे लिहिले असते तर एच ५४.८ चालला असता का?

तपासणीस_बाणेर

चुकण्याची भीती न बाळगता विचारलेत हे बरे केले. एच ५४.१० मध्ये ‘कोणता डोळा ते अनिर्दिष्ट’ असे शब्द आहेत. येथे उजवा कोणता व डावा कोणता हे स्पष्ट लिहिलेले असताना ते माहीत नसल्यासारखा कोड देता येणार नाही. उणीव श्रेणीची आहे, आणि त्या उणिवेसाठी सूचनांनी एच ५४.३ सांगितला आहे.

एच ५४.८ अमेरिकेच्या कायद्यातील व्याख्येपुरता आहे: चांगल्या डोळ्याची सर्वोत्तम चष्म्यासह दृष्टी २०/२०० किंवा त्याहून कमी, अथवा दृष्टिक्षेत्र २० अंशांपेक्षा अधिक नाही. म्हणजे ती व्याख्या चांगला डोळा पाहते. या रुग्णाचा डावा डोळा २०/१०० आहे, तेव्हा तो त्या कायद्याने अंध ठरणार नाही. उजवा डोळा पूर्ण गेला असता तरी उत्तर बदलले नसते. शिवाय श्रेणी नोंदलेली असेल तर एच ५४.८ देता येत नाही, अशी वर्ज्य-टीप त्या कोडखाली आहे. ‘लीगली ब्लाइंड, उजवा डोळा’ असे काही डॉक्टर सवयीने लिहितात. ती नोंद स्वतःशीच विसंगत आहे व तिच्यासाठी क्वेरीच पाठवावी.

दृष्टिमापक_सदाशिवपेठ

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कोडर नाही. पण ज्या आकड्यांवर आपली चर्चा चालली आहे ते आकडे रोज माझ्याच हातून लिहिले जातात, म्हणून तपासणीच्या खोलीतून काही सांगावेसे वाटते.

पहिली गोष्ट ‘तीन फूट’. तीन फूट म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर. तक्त्यात श्रेणी ३ ची खालची सीमा १/६० आहे, म्हणजे एक मीटरवरून बोटे मोजता येणे. रुग्ण तीन फुटांवर बोटे मोजतो पण एक मीटरवर मोजत नाही असा या नोंदीचा काटेकोर अर्थ घेतला, तर तो श्रेणी ३ मध्ये बसत नाही, श्रेणी ४ मध्ये जातो. ताई, तुम्ही एच ५४.११३१ दिला, हाच आकडा घेऊन दुसरा कोडर एच ५४.११४१ देईल, आणि दोघेही तक्त्याकडेच बोट दाखवतील. प्रत्यक्षात काय झाले असेल? बहुधा टेक्निशियनने खुर्चीसमोर उभे राहून हात वर केला आणि अंतर अंदाजाने लिहिले. टेप लावून कोणी मोजत नाही. नऊ सेंटिमीटरच्या अंदाजावर श्रेणी बदलत असेल, तर ती ठरवण्याचा अधिकार तो डोळा तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असला पाहिजे.

दुसरी गोष्ट रूपांतराची. आपल्याकडे सहा मीटरचा तक्ता, तिकडे वीस फुटांचा. ६/६० म्हणजे २०/२०० हे सरळ आहे. पण ६/१८ चे गणित केले तर २०/६० येते, आणि आयसीडी-१०-सीएमच्या तक्त्यात त्याच रांगेत २०/७० छापलेले आहे. म्हणून अमेरिकी चार्टमधला २०/७० हा आकडा मनातल्या मनात मीटरमध्ये बदलून ‘६/२१ झाले, म्हणजे ६/१८ पेक्षा वाईट, म्हणजे श्रेणी १’ असे करू नये. फुटांचा आकडा फुटांच्या स्तंभातच पाहावा, तेथे श्रेणी १ ही २०/७० पेक्षा वाईट दृष्टीपासून सुरू होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आकड्यात दिसतच नाही. काचबिंदूच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्ण समोरच्या तक्त्यावरील बारीक ओळ वाचून दाखवतो आणि त्याच दिवशी जिना उतरताना पडतो. माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक रोजचे वर्तमानपत्र चष्म्याने वाचतात, परंतु लक्ष्मी रस्त्यावर चालताना बाजूने येणारा माणूस त्यांना अंगावर येईपर्यंत दिसत नाही, आणि घरच्यांना कितीतरी दिवस वाटत होते की बाबांचे लक्ष नसते. त्यांची मधली दृष्टी ६/९ आहे. त्यांचे दृष्टिक्षेत्र नळीतून पाहिल्यासारखे उरले आहे. एच ५४ च्या तक्त्याखालच्या टिपेत हेच धरलेले आहे: मध्यबिंदूभोवतीचे क्षेत्र १० अंशांपेक्षा अधिक नसेल पण ५ अंशांपेक्षा अधिक असेल तर श्रेणी ३, आणि ५ अंशांपेक्षा अधिक नसेल तर श्रेणी ४, मधली दृष्टी शाबूत असली तरीही. ज्या चार्टमध्ये दृष्टिक्षेत्राची चाचणी केलेली आहे पण डॉक्टरांनी तिचा अर्थ लिहिलेला नाही, तो चार्ट केवळ ‘२०/३०’ वाचून पुढे ढकलू नका, एवढी विनंती आहे. काचबिंदूच्या कोडलाही टप्पा लागतोच. दोन्ही डोळ्यांच्या प्राथमिक ओपन अँगल काचबिंदूचा एच ४०.११३३ हा तीव्र टप्प्याचा कोड असतो, आणि टप्पा न लिहिल्यास शेवटी शून्य येते.

संक्षेपांविषयीही सावध राहावे. तुम्ही बीफार्म आहात म्हणून विशेष सांगतो: आपल्या प्रिस्क्रिप्शनवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, तिकडच्या नेत्रचार्टवर ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा आणि ओयू दोन्ही. आपल्याकडे आम्ही पीएल निगेटिव्ह लिहितो, तेथे एनएलपी असते. दोन्हींचा अर्थ प्रकाशाचीही जाणीव नाही, म्हणजे श्रेणी ५.

अभिलेख_कॅम्प

मी पुण्यातील एका रुग्णालयाच्या वैद्यकीय अभिलेख विभागात काम करते. ऑप्टोमेट्रिस्ट सरांचे विवेचन मी आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे. मला एक धोक्याची सूचना द्यायची आहे, कारण या चर्चेतील कोड कोणी तरी येथील कामात जसाच्या तसा उचलेल अशी मला भीती वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० आणि अमेरिकेची आयसीडी-१०-सीएम यांत एच ५४ चे अर्थ वेगळे आहेत. संघटनेच्या सुधारित मांडणीत एच ५४.० म्हणजे दोन्ही डोळ्यांचे अंधत्व, एच ५४.१ तीव्र दृष्टिदोष, एच ५४.२ मध्यम दृष्टिदोष, आणि एच ५४.३ म्हणजे सौम्य दृष्टिदोष किंवा दृष्टिदोष नाही. आपण वर ज्या एच ५४.३ विषयी बोलत आहोत तो अमेरिकी कोड ‘दृष्टी गेली आहे पण प्रतवारी नाही’ असे सांगतो. आकडा तोच असून एका पुस्तकात तो दृष्टी जवळजवळ ठीक असल्याचे सांगतो, दुसऱ्यात गेल्याचे. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने इंटरनेटवर शोधून मिळालेला अर्थ घेतला आणि डिस्चार्जच्या नोंदी त्याप्रमाणे भरल्या. सुदैवाने महिन्याच्या पडताळणीत ते सापडले. अकराव्या आवृत्तीत तर रचनाच बदलली असून दृष्टिदोष ९डी९० या कोडखाली आला आहे. म्हणून कोणताही कोड शोधताना आवृत्तीचे नाव आधी पाहावे.

दुसरे, रुग्णांचे नातेवाईक आमच्या खिडकीशी येऊन विचारतात की डिस्चार्ज कार्डावरचा हा कोड दाखवून दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का. मिळत नाही, आणि हे त्यांना नीट, वेळ देऊन सांगावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील व्याख्या स्वतंत्र आहे: चांगल्या डोळ्याची सर्वोत्तम चष्म्यासह दृष्टी ३/६० पेक्षा कमी किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व, अल्पदृष्टीसाठी ६/१८ पासून ३/६० पर्यंतची दृष्टी किंवा ४० ते १० अंशांचे क्षेत्र. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा चांगला आहे अशा व्यक्तीला ३० टक्के धरतात, आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. टक्केवारी अधिकृत वैद्यकीय अधिकारी किंवा मंडळ ठरवते. अर्ज युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या संकेतस्थळावरून करावा लागतो. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी वडिलांना घेऊन कोडचा कागद हातात धरून तीन ठिकाणी फिरून आली होती. पहिल्याच खिडकीवर कोणी दोन मिनिटे दिली असती तर त्या गृहस्थांना भर पावसात तीन रिक्षा कराव्या लागल्या नसत्या.

दृष्टिमापक_सदाशिवपेठ

कॅम्पच्या ताईंनी सांगितलेल्यात एक भर घालतो. आपल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने २०१७ मध्ये अंधत्वाची व्याख्या ६/६० वरून ३/६० वर आणली, त्यामुळे जुने कागद आणि नवे कागद शेजारी ठेवले की त्याच माणसाविषयी दोन शब्द दिसतात. डोळा बदललेला नसतो. म्हणून आमच्या कागदावर मी ‘अंधत्व’ या शब्दाआधी नेहमी आकडा, चष्मा लावून की न लावता, आणि पिनहोलने (बारीक छिद्रातून पाहिल्यावर) काही सुधारणा झाली का, हे तिन्ही लिहितो.

तपासणीस_बाणेर

येथे मेंदूमुळे येणाऱ्या अंधत्वाचा उल्लेख करून ठेवतो, कारण त्यात हमखास गफलत होते. एच ४७.६११ मधील ‘उजवी बाजू’ ही मेंदूची उजवी बाजू आहे, उजवा डोळा नव्हे. तसेच ‘अचानक दृष्टी गेली’ यासाठीचे एच ५३.१३ मालिकेतील कोड कारण सापडेपर्यंतच द्यावेत. दृष्टिपटलाची मुख्य धमनी बंद झाल्याचे निदान त्याच भेटीत झाले असेल तर एच ३४.१ मालिकेतील कोड द्यावा व लक्षणाचा कोड सोडून द्यावा. बाह्यरुग्ण चार्टमध्ये डॉक्टरांनी ‘शक्यता’ किंवा ‘संशय’ असे लिहिले असेल तर ते निदान म्हणून घेता येत नाही, तेथे लक्षणच राहते. काही मिनिटांसाठी दृष्टी जाऊन परत आली, म्हणजे ॲमॉरोसिस फ्यूगॅक्स, तर तो जी ४५.३ आहे आणि एच ५४ बरोबर देता येत नाही.

बीफार्म_खराडी

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवसांनी परत लिहिते आहे, कारण चार्टचा निकाल लागला.

माझ्या टीम लीडना मी ही चर्चा समजावून सांगितली आणि बिल अजून गेलेले नव्हते म्हणून क्लायंटच्या डॉक्युमेंटेशन विभागामार्फत क्वेरी पाठवण्याची परवानगी घेतली. मजकूर बाणेरच्या सरांनी सुचवल्याप्रमाणेच ठेवला, दोन्ही डोळ्यांसाठी ‘अन्य’ आणि ‘ठरवता येत नाही’ हे पर्याय ठेवले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तारखेसह पुरवणी नोंद लिहिली. त्यांनी लिहिले की उजव्या डोळ्याची दृष्टी त्यांनी त्या भेटीत स्वतः पुन्हा तपासली होती, एक मीटरवर बोटे मोजता आली नव्हती, म्हणून श्रेणी ४. आणि डाव्या डोळ्याची त्या दिवशी नंबर काढून पाहिलेली सर्वोत्तम दृष्टी २०/८० होती, म्हणून श्रेणी १.

म्हणजे डाव्या डोळ्याचा माझा आकडाही मुळात योग्य नव्हता. २०/१०० जुन्या चष्म्याचा होता. श्रेणी तीच राहिली, पण नंबर काढल्यावर तो डोळा २०/७० किंवा त्याहून चांगला निघाला असता तर मी अल्पदृष्टी नसलेल्या डोळ्याला अल्पदृष्टीची श्रेणी लावून मोकळी झाले असते. आणि उजव्या डोळ्याबाबत तर मी चुकलेच होते. आता चार्टवर क्रमाने ई ११.३५२१, ई ११.३५१२, एच ५४.११४१ आणि रुग्ण इन्सुलिनवर असल्यामुळे झेड ७९.४ असे कोड गेले आहेत.

सदाशिव पेठेतील सरांचा परिच्छेद वाचल्यापासून मी काचबिंदूचे चार्ट वेगळ्या नजरेने उघडू लागले आहे. काल एका चार्टमध्ये दोन्ही डोळ्यांची दृष्टी २०/२५ होती, सोबत दृष्टिक्षेत्राचा अहवाल जोडलेला होता आणि डॉक्टरांनी निदानात फक्त ‘काचबिंदू, औषध चालू’ असे लिहिले होते. कोणत्या प्रकारचा, कोणत्या डोळ्याचा, कोणत्या टप्प्याचा, यांपैकी काहीच नाही. पूर्वी मी अनिर्दिष्ट कोड देऊन पुढे गेले असते. काल त्या चार्टला पंधरा मिनिटे अधिक लागली आणि दिवसाच्या टार्गेटमध्ये तीन चार्ट कमी भरले. टीम लीडना कारण लेखी कळवले आहे, आणि क्वेरी गेली आहे.